पन्नास पैशांचे पोस्टकार्ड : एका पोळ्यापासून दुसऱ्या पोळ्यापर्यंतचा वापर

ज्या वस्तूचे परीक्षण मी येथे लिहीत आहे तिची जाहिरात होत नाही, ती कोणत्याही मोठ्या दुकानात मांडलेली दिसत नाही आणि तिची किंमत इतकी कमी आहे की ती एकटी विकत घेणेच आता अवघड झाले आहे. साधे पोस्टकार्ड ५० पैशांना मिळते. ५० पैशांचे नाणे कायद्याने अजून चलनात असले, तरी आमच्या आठवडी बाजारात ते कोणी हातात धरत नाही. त्यामुळे गावच्या शाखा डाकघरात गेल्यावर निदान दोन कार्डे तरी घ्यावी लागतात. मी वर्षभरात मिळून ३०० घेतली आणि त्यांचे १५० रुपये झाले. एवढ्या रकमेत कपाशीच्या बियाण्याचे पाकीटसुद्धा येत नाही. पहिल्या खेपेला पन्नास कार्डे मागितली तेव्हा पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "भाऊ, घरी काई कार्य हाय काय?" लग्नाच्या किंवा तेरवीच्या निमंत्रणाखेरीज इतकी कार्डे कोणाला लागावीत, हे त्यांना उमगेना.

कार्य नव्हते. मला लिहायचे होते, आणि लिहिणे होत नव्हते. दारव्हा तालुक्यात आमचे नऊ एकराचे वावर आहे. पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन यांतून जो वेळ उरतो त्यात लिहिण्याची हौस मी गेली कित्येक वर्षे बाळगून आहे. मोबाइलमध्ये एक कादंबरी सुरू करून ठेवली होती. दर उन्हाळ्यात तिचे पहिले प्रकरण पुन्हा लिहायचे, मृग लागला की ती सोडून द्यायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते प्रकरण जुने वाटते म्हणून आणखी एकदा लिहायचे, असा क्रम चालला होता. मोबाइलच्या पडद्यावर पान कधी संपत नाही, खोडलेले दिसत नाही आणि लिहिलेले कोठे पाठवावे लागत नाही, त्यामुळे एका वाक्याशी तासभर खेळत बसण्याची पूर्ण मुभा असते. मग कृषी केंद्राकडून नववर्षाला मिळणारी रोजनिशी वापरून पाहिली. तिचे पान मोजके असते हे खरे. परंतु कोऱ्या राहिलेल्या पानांवर तारीख छापलेली असल्यामुळे ती वही पुढे पुढे आपल्या आळसाचा सातबारा होऊन बसते, आणि मार्च उजाडेपर्यंत तीत खतांचे हिशेब सुरू झालेले असतात.

पोस्टकार्डाचे तसे नाही. ते साधारण १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. एका बाजूचा उजवा अर्धा भाग पत्त्याला जातो, डावा अर्धा भाग मजकुराला चालतो आणि मागची बाजू सबंध मोकळी असते. मी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जे नियम ठरवले ते असे होते की, डाकघर उघडे असेल त्या प्रत्येक दिवशी एक कार्ड लिहायचे, ते केवळ मागच्या बाजूला लिहायचे, बरोबर बारा ओळी लिहायच्या, आधी कच्चे लिहून पाहायचे नाही, चुकले तर काट मारून तेच कार्ड पाठवायचे, फोटो किंवा नक्कल ठेवायची नाही आणि विषय आपल्या धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, आतलाच असला पाहिजे. शेतीच्या भाषेत सांगायचे तर मी स्वतःभोवती चारी बाजूंनी धुरे घालून घेतले होते. कार्डे जायची ती आर्वीकडील एका खेड्यात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीकडे. ताईला निवडण्याचे कारण असे की तिला वाचण्याची आवड आहे आणि माझी भीड मुळीच नाही.

आता वस्तूच्या गुणांविषयी. कार्डाचा कागद पिवळसर, किंचित खरबरीत आणि शाई शोषणारा आहे, त्यामुळे शाईपेन वापरण्याची हौस असणाऱ्यांनी ती येथे बाजूला ठेवावी. हा कागद बॉलपेनाचा आहे. माझे पाच रुपयांचे पेन त्यावर उत्तम चालले. मात्र जोर देऊन लिहिण्याची सवय असेल तर अक्षरांचे वळ पत्त्याच्या बाजूला उमटतात, म्हणून कार्डाखाली वही न ठेवता पाटी किंवा फळीचा तुकडा ठेवावा. पहिल्या आठवड्यात मी हट्टाने शाईपेन वापरले आणि तसे एक कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून पावसात डाकपेटीपर्यंत चालत गेलो. तेथे पोचेपर्यंत ताईच्या गावाचे नाव निळ्या डागात विरघळून गेले होते. तो दोष सर्वस्वी माझा होता. चित्र काढणाऱ्यांसाठी सांगतो, की माझ्या पुतणीने काही कार्डांवर पेनाने बैल, बंडी आणि डवरा काढून पाहिले, ते चांगले उमटले. रंगीत पेन्सिलही चालली. परंतु पाण्याचे रंग लावताच कार्ड पापडासारखे वळले.

बारा ओळींत माझ्या अक्षराने साधारण शंभर शब्द बसतात. शंभर शब्दांत काय सांगून होणार, असे प्रथम वाटते. मला धीर आला तो अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या आठवणीने. तेराव्या शतकात तेथे म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून ज्या लीळा सिद्ध केल्या, त्यांतील कित्येक अवघ्या काही ओळींच्या आहेत, आणि तेवढ्यात प्रसंग, माणसे व त्यांचे बोलणे सगळे येते. मराठी गद्याची सुरुवात आपल्या वऱ्हाडात अशा लहान तुकड्यांनी झाली असताना मला मात्र पहिल्या पावसाचे वर्णन करायला चार पाने लागावीत, याची थोडी लाजच वाटली. कार्डावर ती चार पाने मावत नाहीत. पहिल्या दहा-बारा कार्डांत माझ्या सात ओळी प्रस्तावनेत जात असत आणि खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळींत मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबलेली असे. पुढे पुढे प्रस्तावना आपोआप गळून पडली, कारण कार्डाची कड डोळ्यांसमोर असते आणि ती हलत नाही.

या वस्तूबरोबर जी सेवा मिळते तिचा विचार केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. आमचे शाखा डाकघर दिवसातून काही तासच उघडे असते आणि दुपारी ठरल्या वेळी डाकथैली तालुक्याच्या बाजूला निघते. थैली निघाल्यावर टाकलेले कार्ड दुसऱ्या दिवसाचे होते. लिहिण्याची वेळ मी स्वतः ठरवली असती तर ती मीच मोडली असती. येथे ती थैलीने ठरवून दिली. सकाळी वावरात जाण्यापूर्वी किंवा दहाच्या सुमारास जनावरांना पाणी दाखवून झाल्यावर, पडवीत बसून वीस मिनिटांत कार्ड संपवायचे आणि पुतण्याच्या हाती किंवा स्वतः नेऊन टाकायचे, एवढाच अवकाश असे. कार्ड पेटीत पडले की त्याविषयी विचार करण्यासारखे काही उरत नसे. नक्कल ठेवलेली नसल्यामुळे दुपारी वखराच्या मागे चालताना कालचे वाक्य सुधारण्याचा चाळाही लागत नसे, आणि मन उद्याच्या कार्डाकडे वळे. रविवारी डाकघर बंद, म्हणून लिहिणेही बंद. ती सुट्टी मी घेतलेली नव्हती, मला मिळालेली होती, आणि या दोहोंत केवढा फरक असतो हे स्वतःच्या मनाशी रोज घासाघीस करणाऱ्या माणसालाच कळेल.

तरीही नियम मोडला. पोळ्यानंतर महिन्याभरातच सोयाबीनची सोंगणी आली. मजूर मिळेनात, आभाळ भरून येऊ लागले, थ्रेशरचा नंबर रात्री बाराला लागला, आणि सलग नऊ दिवस एकही कार्ड लिहून झाले नाही. पूर्वी अशा खंडानंतर मी लिहिणे सोडूनच देत असे. यावेळीही दहाव्या दिवशी मी कागदावर हिशेब मांडला, की नऊ मागची आणि एक आजचे अशी दहा कार्डे आता लिहायची आहेत, आणि तो आकडा पाहताच पेन खाली ठेवले. थकबाकी म्हणजे काय हे विदर्भातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. जुने कर्ज नव्या हंगामाच्या डोक्यावर चढवले की नवा हंगामही बुडतो, हे जे आपण बँकेच्या दारात उभे राहून सांगत असतो, तेच मी स्वतःला लागू करत नव्हतो. त्या दिवशी मागची नऊही कार्डे माफ केली आणि एक नवा नियम जोडला, की बुडालेल्या दिवसाची बाकी पुढे ओढायची नाही.

त्याच वेळी आणखी दोन दुरुस्त्या केल्या आणि माझ्या मते या सबंध वर्षात शिकण्यासारखे जे काही होते ते या दुरुस्त्यांतच आहे. बरोबर बारा ओळी या नियमाऐवजी जास्तीत जास्त बारा ओळी असा नियम केला. दिसायला हा बदल किरकोळ आहे. परंतु बारा ओळी भरल्याच पाहिजेत म्हटले की थकलेल्या दिवशी त्या डोंगरासारख्या वाटतात, आणि बारांच्या पुढे जाता येणार नाही म्हटले की तीन ओळींचे कार्डही नियमात बसते. मर्यादा वरून घातलेली असावी, खालून नव्हे. वेचणीच्या ऐन दिवसांत मी एका कार्डावर इतकेच लिहिले होते की आज कापसाची बोंडे उकलली आहेत, घरात बोलायला कोणी नाही, आणि सगळ्यांच्या बोटांना बोंडाचे काटे लागले आहेत. ताईने पुढे ते कार्ड चांगल्यांत काढले. दुसरी दुरुस्ती विषयाची. केवळ धुऱ्याच्या आतले लिहायचे, हा नियम कागदावर मोठा देखणा होता. पण ओलितासाठी रात्रीची लाईन असली की माणूस रात्रभर मोटारीजवळ बसून लांबच्याच गोष्टी आठवत असतो आणि सकाळी त्या लिहायची मनाई असते, हे काही खरे नाही. तो धुरा मी मोडून टाकला. नियम जितके जास्त तितकी शिस्त कडक, अशी जी माझी समजूत होती तिच्यामुळेच पहिला महिना वाया गेला असे आता वाटते.

कार्डाचा सर्वांत मोठा गुण, आणि काहींच्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष, असा आहे की ते उघडे असते. थैलीतून काढणाऱ्यापासून ताईच्या ओसरीवर बसलेल्या कोणत्याही पाव्हण्यापर्यंत ते कोणीही वाचू शकतो. पहिल्या महिन्यात मी हे विसरलो होतो. आमच्या शेजारच्या वावरवाल्याने वखरताना धुऱ्याची दोन तासे आपल्याकडे ओढली होती, त्याचे मी चांगले बारा ओळींचे तिखट वर्णन लिहून पाठवले. त्या गृहस्थांची सोयरीक ताईच्याच गावात आहे हे मला ठाऊक नव्हते. आठ दिवसांनी ते वावरातून हाक मारत आले. "काहो भाऊ, माया धुऱ्याचं कार्ड केलं म्हनते तुमी?" मी काय उत्तर देणार? त्यांना बसवले, चहा पाजला आणि कार्डात नेमके काय लिहिले होते ते आठवेल तसे सांगितले. त्यांची तक्रार वेगळीच निघाली. बैल मी एक लिहिला होता. जोडी होती, आणि त्यातला एक नवा घेतलेला गोऱ्हा होता, तो वळताना सरकला म्हणून तासे वाकली. हे मी पाहिलेच नव्हते. रागात होतो म्हणून पाहिले नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक कार्ड असे लिहू लागलो की ज्याच्याविषयी आहे त्याने वाचले तरी त्याला फार तर हसू यावे, आणि चूक काढता येऊ नये. लिहिण्याच्या दृष्टीने या बंधनाचा मला जितका उपयोग झाला तितका ओळींच्या बंधनाचाही झाला नसेल. घरातले भांडण, दवाखान्याची गोष्ट, पैशाची गोष्ट कार्डावर जात नाही; ज्यांना त्या लिहायच्या आहेत त्यांनी अडीच रुपयांचे अंतर्देशीय पत्र घ्यावे. ते चिकटवून बंद करता येते. मी दोन महिने तेही वापरून पाहिले असते, परंतु त्यात जागा जास्त असते आणि जागा दिसली की माझा हात सैल सुटतो.

पत्त्याचा भाग मी सुरुवातीला हमाली समजत असे. रोज तोच पत्ता लिहायचा, यात कसले आले लेखन? पण एकदा सवयीने ताईच्या पत्त्यावर पिनकोडात वर्धा जिल्ह्याच्या ४४२ ऐवजी आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे ४४५ लिहून बसलो आणि ते कार्ड उगाचच वळसा घेऊन उशिरा पोचले. त्यानंतर पिनकोडाकडे नीट पाहू लागलो. पहिले दोन आकडे ४४ म्हणजे आपला विदर्भ, तिसऱ्या आकड्याने डाकेची वाटणी करण्याचे ठिकाण आणि शेवटच्या तिन्हींनी वाटप करणारे डाकघर. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे डाकतार खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते. कवितेच्या वृत्तांमध्ये अक्षरे मोजून बसवणाऱ्या माणसाने सगळ्या देशाचे पत्ते सहा आकड्यांत बसवले, हे कळल्यापासून तो रकाना भरताना मला कंटाळा आलेला नाही. पिनकोड नव्हता तेव्हा नावांच्या घोळामुळे काय होत असे, याचे उदाहरणही ताईच्याच जिल्ह्यात आहे. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या ज्या सेगावात राहायला आले, त्या गावाची डाक बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जाऊ लागली, आणि अखेर १९४० साली सेगावचे नाव बदलून सेवाग्राम करावे लागले. एका अक्षराचा हा प्रताप आहे. तेव्हापासून मी ताईच्या गावाचे नाव सुट्या, ठसठशीत अक्षरांत लिहितो.

ताईची उत्तरे महिन्याला एक येत. तीही कार्डावरच, आणि तिच्या कार्डात पाच ओळींच्या वर मजकूर नसे. "मागील आठवड्यातील सहा कार्डांत चार वेळा सूर्य मावळला. आमच्याकडे तो रोज मावळतो, कळवण्याची गरज नाही." असे एक कार्ड मी पेटीवर चिकटवून ठेवले आहे. दुसऱ्या एकात तिने लिहिले होते की बारा ओळींपैकी पहिल्या दोन नेहमी घसा खाकरण्यात जातात, दहा पुरतील. माझी प्रस्तावना गळून पडली म्हणून मी स्वतःवर खूश होतो, ते तिला मान्य नव्हते. फोनवर ती असे कधी बोलत नाही. फोनवर जेवण झाले का, पोरांची तब्येत कशी आहे, एवढेच विचारते. वाचणारे माणूस एकच असावे आणि ते आपल्याला ओळखणारे असावे, ही सोय मी ठरवून केलेली नव्हती, ती कार्डामुळे झाली.

आता हिशेब. पुढचा पोळा आला तेव्हा ३०० पैकी २७१ कार्डे रवाना झाली होती, ६ पावसाळ्यात गळक्या कवेलूंखाली भिजली आणि २३ फळीवर शिल्लक होती. ताईने सगळी कार्डे गव्हाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहेत. दिवाळीत तिच्याकडे गेलो असता आम्ही ती बाहेर काढून पाहिली. माझ्या मते त्यांतील साठेक बरी होती. तिच्या मते चाळीस. तिचा आकडा धरतो. उरलेली २३१ सामान्य आहेत, काही तर अगदी टाकाऊ आहेत, आणि हे सांगणे आवश्यक आहे, कारण मर्यादा घातली की लेखन चांगले होते अशी समजूत करून कोणी कार्डे आणायला निघाला तर त्याची फसगत होईल. मर्यादेने माझे लेखन चालू राहिले, एवढेच मी खात्रीने म्हणू शकतो. चाळीस बरी कार्डे यायला दोनशे एकतीस सामान्य कार्डे लिहावी लागली. माझी कादंबरी मोबाइलमध्ये जेथे होती तेथेच आहे. तिच्यासाठी या वस्तूचा काहीही उपयोग झाला नाही, आणि लांब कथानक सांभाळणाऱ्यांना तो होईल असे मला वाटत नाही. रोजचे कार्ड लिहिले की आजचे लिहिणे झाले, असे खोटे समाधान मिळण्याचा धोकाही आहे. मी त्यात सापडलो आहे की नाही हे ताईला विचारलेले नाही.

वाचकांपैकी कोणी आकाशवाणीच्या किंवा वर्तमानपत्राच्या स्पर्धेसाठी कार्ड वापरू पाहत असेल, तर त्याला साधे कार्ड चालत नाही, त्यासाठी १० रुपयांचे वेगळे स्पर्धा पोस्टकार्ड असते, हे ध्यानात ठेवावे. किमतीविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात कार्ड सुरू झाले तेव्हा ते पाव आण्याला मिळे, आणि आजही कार्ड शेजारच्या गावी जावो की कन्याकुमारीला, पैसे तितकेच पडतात. या दरात त्याच्या छपाईचा आणि वाहतुकीचा खर्च निघत नाही हे उघड आहे, म्हणून रोज एक कार्ड उचलताना मला क्वचित संकोचही वाटतो. पाचपैकी चार गुण देतो. एक गुण कापला तो कागदाच्या शाई पिण्याबद्दल नव्हे, तर मागच्या बाजूला ओळी आखलेल्या नसल्याबद्दल. माझ्या ओळी उजवीकडे वर चढत जातात आणि बारावी ओळ कोपऱ्यात अडकते.

यंदाच्या तान्ह्या पोळ्यानंतर दुसरे वर्ष सुरू केले आहे. ओळींची मर्यादा ताईच्या सांगण्यावरून दहावर आणली आणि सोयाबीनच्या सोंगणीचे पंधरा दिवस आधीच वगळून टाकले. मास्तरांकडून आणखी पन्नास कार्डे घेतली, पंचवीस रुपये दिले. कार्डे मोजून देता देता त्यांनी विचारले, "त्या गोऱ्ह्याचं पुढं काय झालं, भाऊ? ते कार्ड आलंच नाई अजून." गोऱ्हा आता जोडीत चांगला चालतो, पण ते मी त्यांना तोंडी सांगितले नाही.